क्रमांक सात

शिरपूरच्या कॉलेजात, औषधशास्त्राच्या मागल्या अंगाला,
बाहेर सेहेचाळीस. आत आम्ही कसंबसं धरून ठेवलेलं पंचवीस,
तेही आमच्यासाठी नाही.
बारा उंदीर जमिनीवर.
बारा टांगलेले.

शेपटीला चिकटपट्टी, पट्टीला फिरती कडी,
कडी आडव्या तारेला. डोकं खाली, तीस अंशांचा उतार.
पुढचे पाय चालतात, दाणा धरतात, तोंड धुतात.
मागचे दोन
दोरीवरच्या मोज्यांसारखे नुसते असतात.

सर म्हणाले, आकाशात गेलं की माणसाचंही हेच.
वजन अंगावरून उतरतं, मागोमाग अंगही उतरतं.
मी वहीत लिहिलं : वजनविरहित अवस्थेची प्रतिकृती.
हिलालदादांनी झाडू भिंतीला टेकवला, बघितलं.
"पाय शेतस, पन भुई नही," म्हणाले
आणि लेंड्या गोळा करायला लागले.

थाळनेरहून सायकलवर येतात ते.
पोटऱ्या भरताच्या वांग्यांसारख्या.
त्या पोटरीच्या आत, मोठ्या स्नायूच्या खाली,
एक चपटा स्नायू असतो. उभं राहणं हे त्याचं काम.
त्याला कुणी शाबास म्हणत नाही.
धावण्याला पदक असतं,
उभं राहणं हे काम आहे हे
ते बंद पडल्यावर कळतं.
चौदा दिवस. जवळपास निम्मा होतो तो,
आणि हाडाच्या आतली जाळी
जुन्या गोणपाटासारखी विरत जाते.

मला आठवीतला माझा उजवा पाय आठवला.
फैजपूरच्या दवाखान्यात प्लास्टर कापलं
आणि आतून निघाला कुणा दुसरीचाच,
बारीक, पांढरट, केसाळ.
आई म्हणाली, हात लाव, तुझाच आहे.
मी लाजले होते.

नवव्या दिवशी वीज गेली. जनरेटर खोकत राहिला.
अंधारात बारा शेपट्यांच्या कड्या
किणकिण फिरत होत्या,
कुणीतरी कुठेतरी जायला निघाल्यासारख्या.

पंधराव्या दिवशी तोलायला बसले.
अकरांचे स्नायू ओळीनं,
सुकल्या मेथीच्या पानाएवढे.
सातव्याचा भरला.
काटा पुसला, शून्यावर आणला, पुन्हा ठेवला.
पंखा बंद केला. पुन्हा.
भरलाच.

हिलालदादा दारात उभे होते, त्यांनी काहीच लपवलं नाही.
रोज संध्याकाळी, दिवा मालवण्याआधी,
बिडी विझवून, साबणानं हात धुऊन,
त्याच्या पायांखाली तळहात धरायचे.
"जोर करे, ताई. दाबे मना हात.
मंग मी बी ठेवू जराखा."
सातच का?
मला वाटलं, काही सांगतील,
एखादा नवस, एखादा मुलगा.
"बाकीना पिंजरा खाले शेतस," म्हणाले,
"कंबर वाकत नही आते."

सर रागावले नाहीत. सात वगळा, म्हणाले,
एकानं सरासरी बिघडते.
मी वगळला.
तक्त्याच्या खाली तारा काढून कारण लिहायचं होतं.
तळहात, असं लिहिता येत नाही.
तळहाताचं वजन किती, कोणी मोजलेलं नाही,
किती मिनिटं, तेही नाही. दिवा मालवेपर्यंत, एवढंच.
तांत्रिक, असं लिहिलं.
अक्षर चांगलं आलं, याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी चोपड्याची एसटी.
केळीच्या बागा खिडकीतून मागे जात होत्या,
घड ज्याच्या त्याच्या वजनानं वाकलेले,
त्यांना बांबूचे टेकू.
आधीही बघितले होते, इतक्या वर्षांत.
मी दांड्याला धरून उभी,
आणि पोटरीत आत कुठेतरी
तो चपटा स्नायू
खड्ड्याखड्ड्याला मला सावरत होता.

कंडक्टर म्हणाला, मागे जागा झाली बघा.
राहू द्या, म्हटलं.